शास्त्राभ्यास : ‘औक्सानो’, म्हणजे वाढणे आणि वाढविणे

(वाचावयाचे उतारे : १ करिंथ ३:१–९, प्रे. कृ. १२, मत्तय ६:२५–३४, कलस्सै १:३–१२)

वर्षअखेरीस पाळकास मंडळीचा वार्षिक तक्ता भरून द्यावा लागतो. बाप्तिस्मे किती, विवाह किती, मृत्यू किती, परगावी गेलेली कुटुंबे किती, आणि शेवटच्या रकान्यात ‘वाढ’. काही वर्षांपूर्वी त्या शेवटच्या रकान्यात माझ्या हातून ‘नाही’ असे लिहिले गेले. त्या वर्षी आमच्या तिवसा भागातील लहानशा मंडळीतून चार कुटुंबे पोटापाण्यासाठी पुण्याकडे व नागपुराकडे निघून गेली होती, दोन वृद्ध प्रभूमध्ये निजले होते, आणि बाप्तिस्मा एकही झाला नव्हता. बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती. रविवारी उपासना आटोपल्यावर तो तक्ता मी मंडळीस वाचून दाखविला, तेव्हा मागे भिंतीशी बसलेल्या एका आजीबाईंनी विचारले, “पाळकसाहेब, वाढ नाही म्हन्ता, म्हंजे देवानं आपलं वावर पडीत टाकलं काय?”

मी काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. घरी येऊन सेमिनरीतील जुनी ग्रीक टाचणे काढली आणि नव्या करारात हा ‘वाढणे’ शब्द कोठे कोठे येतो ते एकेक वचन उघडून पाहू लागलो. त्यातून जे हाती लागले ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहे. ग्रीक न येणाऱ्यांनी बिचकण्याचे कारण नाही. ज्याने वावरात चार पावसाळे काढले आहेत त्यास हा पाठ पाळकापेक्षा लवकर समजेल.

‘औक्सानो’ हे ते क्रियापद. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की, संस्कृतातील ‘ओजस्’ हा शब्द त्याच्याच कुळातला आहे. म्हणजे एखाद्याचे भाषण ओजस्वी झाले असे आपण म्हणतो तेव्हा या ग्रीक शब्दाचा दूरचा भाऊबंदच आपल्या तोंडी येत असतो. नव्या करारात ते २३ ठिकाणी आढळते. रानातले फूल वाढते, मोहरीचा दाणा वाढतो, मूल वाढते, विश्वास वाढतो, देवाचे वचन वाढते. इतकेच नव्हे, तर इफिसकरांस लिहिताना पौल इमारतीससुद्धा वाढावयास लावतो.

मराठीत आपण ‘वाढणे’ आणि ‘वाढविणे’ अशी दोन क्रियापदे निरनिराळी ठेवली आहेत. रोप वाढते, माळी ते वाढवितो. ग्रीकमध्ये दोहोंस एकच ‘औक्सानो’ चालते, आणि कोणता अर्थ घ्यावयाचा हे वाक्याच्या रचनेवरून ठरवावे लागते. आपल्याकडे आणखी पंक्तीस अन्नही वाढतात, आणि बांगडी फुटली तर ती वाढली असे म्हणतात. तो विषय निराळा. मात्र आपल्या गावांत पूर्वी एक वाढ अशी होती की, तिचे नाव काढताच शेतकऱ्याच्या पोटात गोळा येत असे. पेरणीच्या दिवसांत सावकाराकडून धान्य उसने आणावयाचे आणि खळ्यावर त्याचे सव्वापट किंवा दीडपट मोजून द्यावयाचे, यास वाढीदिढी म्हणत. नव्या करारात व्याजास ‘टोकॉस’ असा शब्द आहे (मत्तय २५:२७). त्याचा मूळ अर्थ ‘प्रसवलेले’ असा होतो. व्याजाच्या वाढीस ‘औक्सानो’ तेथे एकदाही लावलेले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. या २३ ठिकाणांपैकी बहुतेक सर्व ठिकाणी अर्थ ‘वाढणे’ असा आहे. ‘वाढविणे’, म्हणजे एकाने दुसऱ्यास वाढविणे, असा सरळ अर्थ फक्त तीन ठिकाणी निघतो: १ करिंथ ३:६, लगेच पुढे ३:७, आणि २ करिंथ ९:१०. या तिन्ही ठिकाणी कर्ता कोण आहे? देव. (इफिस ४:१५ येथे काही टीकाकार ‘सर्व काही वाढवावे’ असा अर्थ करू पाहतात, पण तो मला ओढूनताणून आणलेला वाटतो.) प्रेषित, पाळक, वडील, आई, बाप, यांपैकी कोणीही नव्या करारात या क्रियापदाने कोणास वाढवीत नाही. हे ध्यानात आले तेव्हा मी लेखणी खाली ठेवली. वीस वर्षांच्या सेवेत ‘मंडळी वाढविली पाहिजे’ असे वाक्य मी व्यासपीठावरून किती वेळा उच्चारले असेल, त्याची मोजदाद नाही.

यांतील पहिले वचन जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. करिंथ येथील मंडळीत तट पडले होते. कोणी पौलाचे म्हणवीत, कोणी अपुल्लोसाचे. अपुल्लोस हा अलेक्झांद्रियाचा, मोठा वक्ता. त्याचे भाषण ऐकल्यावर पौलाचे साधे बोलणे कित्येकांस फिके वाटले असेल. पौल भांडत नाही. तो वावराचा दृष्टांत देतो: लावणी आपण केली, पाणी अपुल्लोसाने दिले, आणि वाढविणारा देव. ग्रीकमध्ये पहिल्या दोन क्रियापदांचा काळ एकदा होऊन संपलेल्या क्रियेचा आहे. लावणी झाली; पाणी देणे झाले. परंतु देवाच्या कामाकडे येताच पौल काळ बदलतो. तेथे अपूर्ण भूतकाळ येतो, आणि अर्थ असा होतो की, देव त्या सर्व वेळी वाढवीत होता. पौल करिंथात दीड वर्ष राहिला (प्रे. कृ. १८:११) व निघून गेला. मग अपुल्लोस आला, आणि कालांतराने तोही दुसरीकडे गेला. लावणाऱ्याची पाठ फिरली तरी वाढ थांबली नाही, आणि पाणी देणारा बदलला तरीही थांबली नाही. एका क्रियापदाच्या काळात पौलाने करिंथकरांच्या भांडणाचा निकाल लावून टाकला आहे.

आपल्या मराठीस हा काळ सहज साधतो. ‘वाढविले’ आणि ‘वाढवीत होता’ यांतील भेद आपल्या लेकरांनाही कळतो. मराठी नवा करार प्रथम १८११ साली सेरामपूर येथे मोडी लिपीत छापून निघाला. तो काढणारे विल्यम केरी स्वतः झाडाझुडपांचे मोठे वेडे होते, आणि १८२० साली कलकत्त्यास त्यांनी शेती व बागाईत यांसाठी एक संस्थाच स्थापिली. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत उतरविले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. खेड्यातील अशिक्षित बाईस ऐकून कळावे, ही त्यांची तळमळ होती. मूळ भाषेतील काळांचे असे बारकावे घरच्या भाषेत ऐकावयास मिळतात, ही अशा कष्टाळू माणसांची कमाई आहे.

‘पाणी देणे’ या क्रियापदाविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. ते आहे ‘पोटिझो’, म्हणजे शब्दशः ‘पाजणे’. याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात पौल करिंथकरांस आपण दूध पाजले असे म्हणतो, तेथेही हेच क्रियापद आहे. ओलिताच्या शेतकऱ्यास रोपाला पाणी देणे आणि लेकराला दूध पाजणे यांत फारसे अंतर वाटणार नाही. आणि नवव्या वचनात मंडळीस जे नाव दिले आहे ते ‘गेओर्गिऑन’. त्याचा अर्थ रान नव्हे, कुरणही नव्हे, तर मशागत केलेली, वहितीची जमीन. आजीबाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तेथे सापडले. देवाचे वावर वहितीत आहे, पडीत नाही. परंतु उरलेला अर्धा प्रश्न तसाच होता: मग तक्त्यात वाढ का दिसत नाही?

त्यासाठी प्रेषितांची कृत्ये उघडावी लागली. लूक तेथे तीन वेळा सांगतो की, देवाचे वचन वाढत गेले (६:७; १२:२४; १९:२०). हे बोलणे चमत्कारिक आहे. माणसे वाढतात, वचन कसे वाढेल? पण लूकच आपल्या शुभवर्तमानात सांगून चुकला आहे की, बी हे देवाचे वचन आहे (लूक ८:११). बी असेल तर वाढेल. आता ६:७ पाहा. तेथे दोन क्रियापदे शेजारी शेजारी आहेत. वचनास ‘औक्सानो’ लाविले आहे आणि शिष्यांच्या संख्येस ‘प्लेथुनो’, म्हणजे पुष्कळ होणे, गुणित होणे. दोन्ही गोष्टी त्या वेळी एकत्र घडल्या, आणि त्याबद्दल देवाचे आभारच मानले पाहिजेत. तरी लूकने दोहोंस एक नाव दिले नाही.

बारावा अध्याय तर आमच्या तक्त्यापुढे ठेवून वाचण्याजोगा आहे. हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब यास तलवारीने मारिले. पेत्र तुरुंगात पडला, देवदूताने सोडविला, आणि भावांस निरोप ठेवून दुसऱ्या ठिकाणी निघून गेला. यरुशलेमच्या मंडळीने त्या वर्षाचा हिशेब लिहिला असता तर काय लिहिले असते? मृत्यू एक, आणि तो प्रेषिताचा. परगावी गेलेला एक, आणि तो पेत्र. किती जणांनी नव्याने विश्वास धरिला याविषयी त्या अध्यायात एक अक्षर नाही. तरी हेरोद किडे पडून मेल्याचे सांगताच लूक लिहितो की, वचन वाढत गेले व पुष्कळ होत गेले. दोन्ही क्रियापदे या वेळी त्याने वचनासच जोडली आहेत.

हे वाचताना पुण्यास गेलेल्या एका कुटुंबाची मला आठवण झाली. त्यांच्या भाड्याच्या खोलीत दर गुरुवारी आठ-दहा माणसे प्रार्थनेस जमतात, असे मागाहून कळले होते. ती माणसे कोणाच्या तक्त्यात धरावयाची? आमच्याकडे ते कुटुंब ‘परगावी गेलेले’ या रकान्यात होते.

आता आपल्या कापसाच्या मुलखास जवळचा वाटेल असा एक भाग. डोंगरावरील उपदेशात प्रभू रानफुलांकडे बोट दाखवून ती कशी वाढतात ते नीट पाहावयास सांगतो (मत्तय ६:२८). ‘नीट पाहा’ यासाठी जे क्रियापद आहे ते नव्या करारात या एकाच ठिकाणी येते. शाळेतला मुलगा धडा घोकून पक्का करतो तसे पाहून शिकणे, हा त्याचा भाव. आणि शिकावयाचे काय? तर ‘वाढणे’. फुले कष्ट करीत नाहीत व कातीत नाहीत, हे त्यापुढे येते.

या वचनाची एक जुनी गोष्ट आहे. सीनाय पर्वतावरील मठात सापडलेली, चवथ्या शतकातील एक प्रसिद्ध ग्रीक हस्तलिखित प्रत १९३३ साली ब्रिटिश म्युझियमने विकत घेतली. तेथे अतिनील प्रकाशात तिची पाने तपासली असता या वचनाच्या जागी खोडलेली अक्षरे दिसून आली. पहिल्या लेखकाने ‘कशी वाढतात’ असे लिहिलेच नव्हते. त्याने लिहिले होते की, ती ‘पिंजीत नाहीत’. मागाहून कोणी ते खोडून नेहमीचा पाठ घातला. जुन्या प्रतींत शब्दांमध्ये जागा सोडीत नसत, आणि ग्रीकमध्ये ‘वाढतात’ व ‘पिंजीत नाहीत’ हे शब्द एक-दोन अक्षरांच्या फेराने सारखेच दिसतात. पिंजणे, मग कातणे, हा क्रम वऱ्हाडातील माणसास सांगावयास नको. गावोगाव फिरणाऱ्या पिंजाऱ्याच्या कमानीचा आवाज ज्यांनी ऐकला आहे असे वडीलधारे अजून आपल्यांत आहेत. काही विद्वानांस तो खोडलेला पाठच मूळचा वाटला. छापील ग्रीक नवा करार मात्र ‘वाढतात’ हाच पाठ ठेवीत आला आहे, आणि मलाही तोच बरोबर वाटतो. नीट पाहून शिका असे सांगितल्यावर, काय नाही ते पाहून शिकता येत नाही. काय घडत आहे तेच पाहावे लागते. पुढे तेच रानातील गवत दुसऱ्या दिवशी चुलीत जाते असे प्रभू म्हणतो. आपल्याकडे वेचणी संपली की वाळल्या पऱ्हाट्यांची तीच गत होते. चुलीत जावयाच्या वस्तूसही देव इतक्या निगुतीने वाढवितो.

फळ आणि वाढ यांचा संबंध पौल कलस्सैकरांच्या पत्रात सांगतो. शुभवर्तमान सर्व जगात फळ देत व वाढत आहे (१:६), आणि विश्वासणाऱ्यांनीही तसेच फळ देत वाढावे (१:१०). माझ्या एका सहाध्यायास हा क्रम उलटा वाटत असे. आधी वाढ, मग फळ, असे असावयास पाहिजे, हे त्याचे म्हणणे. तो ज्वारीच्या मुलखातला होता. ज्वारीचे ताट आपल्या उंचीस पोचते, मग कणीस निसवते, आणि कणीस आले की उंचीची वाढ संपली. पुढे दाणा भरणे आणि कडबा होणे. पऱ्हाटीचे तसे नाही. पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांत खालच्या फांद्यांवर पात्या धरतात, मग फूल येते, ते आज पांढुरके तर उद्या गुलाबी, त्याखाली बोंड धरते. आणि हे चालू असताना शेंडा वर वाढतच असतो. एकाच झाडावर पाती, फूल, हिरवे बोंड आणि उललेले बोंड चारही पाहावयास सापडतात. वाढ आणि फळ तेथे एकामागून एक येत नाहीत, सोबतीने चालतात. पौलाने पऱ्हाटी पाहिली होती असे मी म्हणत नाही. पण त्याच्या शब्दांची जोडी तशीच आहे. उत्पत्ती १:२८ मध्ये हिब्रूत ‘फळ द्या’ असा जो शब्द आहे त्याच्यासाठी जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी ‘औक्सानो’ हेच क्रियापद योजिले होते. फळणे आणि वाढणे यांची सोयरीक त्यामुळे फार जुनी आहे.

याची दुसरी बाजूही शेतकरी जाणतो. युरियाचा हात सैल सुटला आणि पाऊस चांगला झाला की पऱ्हाटी छातीइतकी होते, काळीभोर पाने, आणि बोंडे मोजकी. बांधावरून जाणारा म्हणतो, काय पीक आहे! मालक गप्प असतो. मंडळ्यांचेही असे होते. मोठी इमारत, मोठा भोंगा, सणाला मोठी गर्दी, आणि शेजारच्या विधवेकडे चार महिन्यांत कोणी गेलेले नसते. त्यास ‘औक्सानो’ म्हणता येईल काय, हे वाचकांनीच ठरवावे.

इफिस २:२१ विषयी थोडक्यात लिहितो. तेथे इमारत वाढते, कारण तिचे दगड एकमेकांत सांधून बसविले जात आहेत. चुन्यावाचून दगडात दगड बसविलेली जुनी हेमाडपंती बांधकामे वाचकांनी पाहिली असतील. असा दगड बसावयाचा तर त्यास टाकीचे घाव सोसावे लागतात. निरनिराळ्या जातींतून आलेली घराणी एका बाकावर बसतात तेव्हा हे घाव कोठे बसतात, ते गावच्या मंडळीस ठाऊक आहे.

शेवटी योहान ३:३०. मला स्वतःला या क्रियापदाचे हे सर्वांत अवघड ठिकाण वाटते. लूक १:८० मध्ये बाळ योहान वाढत होता असे म्हटले आहे, आणि २:४० मध्ये बाळ येशूविषयी जवळजवळ त्याच शब्दांत तेच सांगितले आहे. दोन मावसबहिणींची लेकरे म्हणा, दोघेही एकाच क्रियापदाने वाढली. पुढे योहानाचे शिष्य कुरकुरत आले की, सर्व लोक त्या दुसऱ्याकडे चालले आहेत; तेव्हा ते क्रियापद त्याने आनंदाने येशूच्या स्वाधीन केले, आणि आपल्यासाठी ‘कमी होणे’ हे उरविले. मी चाळिशी ओलांडली आहे. शेजारच्या गावात एक तरुण उपदेशक आला आहे. त्यास गाता येते, आणि आमच्याकडची मुले सायकली काढून त्याच्या सभांस जातात. पहिल्याने मी ते मंडळीच्या हिताच्या काळजीने टिपून ठेविले, असे माझे मन मला सांगत होते. पण योहानाच्या शिष्यांचा स्वर मला त्यात स्पष्ट ऐकू आला.

एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, वाढविण्याची आज्ञा आपणांस कोठेही नसली, तरी वाढण्याची आज्ञा आहे. पेत्र आपल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरच्या वचनात कृपेत व प्रभूच्या ज्ञानात वाढावयास सांगतो, आणि पहिल्या पत्रात (२:२) नवजात बाळकांप्रमाणे दुधाची इच्छा धरावयास सांगतो, ते वाढ व्हावी म्हणूनच. बाळ स्वतःस ओढून उंच करीत नाही. पण ते भुकेने रडते, हे त्याचे काम आहे.

हे सर्व पुढच्या एका रविवारी मी जमेल तसे मंडळीस सांगितले. आजीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मंग पाळकसाहेब, निंदाले कोन येते अन् कोन येत नाही, ते लिवा तुमच्या कागदावर.” त्या वर्षापासून तक्त्यासोबत मी एक साधा कागद जोडीत असतो. घरभेटी किती केल्या, कोणाच्या आजारपणात कोण बसले, शास्त्रवाचनास किती घरे उघडी राहिली, एवढे त्यावर असते. ‘वाढ’ या रकान्यात आकडा भरावाच लागतो, तो भरतो.

ज्यांना हा पाठ घरगुती सभेत घ्यावयाचा असेल त्यांनी आधी प्रे. कृ. १२ पूर्ण वाचून घ्यावा व मग २४ व्या वचनावर थांबावे. कलस्सै १ घेताना पऱ्हाटी व ज्वारी यांतील भेद स्वतः सांगू नये. सभेत जो शेतकरी असेल त्याच्याकडून सांगवावा. पुढील लेखात ‘कार्पॉस’, म्हणजे फळ, या शब्दाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी योहान १५ वाचून ठेवावा.